टॅबमधलं पिल्लू आणि वॉर्डातलं मूल: या चुका टाळा

दवाखान्यात दाखल मुलांना धीर द्यायला आम्ही टॅबवरच्या ॲपमधलं पाळीव पिल्लू वापरतो. त्यातली सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे ते पिल्लू थेट सुईच्या वेळीच बाहेर काढणं. वॉर्डात नव्याने मदतीला येणाऱ्यांना वाटतं, टॅब समोर धरला की मूल गप्प बसेल. एकदा बसतंही. पाच वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत सलग दोन दिवस हेच झालं: सिस्टर ट्रे घेऊन आल्या की पडद्यावर कुत्रा. तिसऱ्या दिवशी मी नुसता टॅब सुरू केला. पिल्लू भुंकलं आणि पोराने सलाईनचा हात पांघरुणात खुपसला. ट्रे अजून खोलीत आलाही नव्हता. ते पिल्लू बादच करावं लागलं. मग ससा आणला, आवाज वेगळा ठेवला आणि चार दिवस फक्त खेळलो.

तेव्हापासून मी ओळख आदल्या दिवशी करून देते, औषधाची वेळ नसताना. नाव मुलानेच ठेवायचं. सुई झाली की टॅब लगेच काढून घ्यायचा नाही, दहा मिनिटं तरी खेळू द्यायचं. ‘एवढा वेळ कुठे असतो?’ असं विचारणाऱ्यांनी हे काम हातात घेऊच नये.

दुसरी चूक प्राणी निवडतानाची. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या तामागोची या छोट्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यातला प्राणी दुर्लक्ष झालं की मरायचा. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेल्या मुलाला रुसलेलं, उपाशी पिल्लू दाखवायचं का? भूक आणि नोटिफिकेशन आधीच बंद करा. होत नसतील तर ते ॲप नकोच.

टॅब देऊन निघून जाऊ नका. बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये ३ ते १० वर्षांच्या ५४ मुलांसोबत झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना मऊ खेळणं, काहींना टॅबवरचं अस्वल, काहींना रोबो अस्वल दिलं होतं. सर्वांत आनंदी दिसली ती रोबोवाली मुलं, आणि त्या रोबोला पलीकडून माणूसच चालवत होता.

पिल्लाच्या तोंडी ‘दुखणार नाही’ घालू नका. दुखतंच, आणि मग पिल्लू खोटारडं ठरतं.

प्रत्येक मुलानंतर टॅब निर्जंतुक करा. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांना खरा प्राणी चालत नाही म्हणून तर हा आणलाय.

चार्जिंग आदल्या रात्रीच बघा.

डिस्चार्जच्या दिवशी निरोपाला पाच मिनिटं ठेवा. मी पिल्लाचं चित्र छापून देते, खाली मुलाने ठेवलेलं नाव लिहून.