बाँडपट कानाने बघायची रीत

आमच्या घरी दर गणपतीत, आरती झाली, प्रसाद वाटून झाला की एकच वाद निघतो. मोठे दीर म्हणतात, 'गोल्डफिंगर'सारखं बाँडचं गाणं पुन्हा झालं नाही. भाचा म्हणतो, काका, 'स्कायफॉल' ऐका जरा. मग आवाज चढतात. मी पेटी शिकवते, डोंबिवलीत, गेली बावीस वर्षं. तेव्हा निवाडा माझ्याकडे येतो. गेल्या वर्षी मी दोघांना विचारलं, "तुमचं गाणं सिनेमात पुन्हा कुठे कुठे येतं?" दोघंही गप्प. दोघांनीही सिनेमा बघून दहा-दहा वर्षं झाली होती. भांडत होते ते फोनवर ऐकलेल्या गाण्यावरून.

बाँडच्या संगीताबद्दल मत बनवायचं तर गाण्यापासून सुरुवात करू नका. प्रसंगापासून करा. ते कसं, ते सांगते.

आधी बाँडची ती मूळ थीम, म्हणजे त्याची ओळखीची धून, हाताखालून जाऊ द्या. घरात पेटी असेल तर उत्तम, नसेल तर मुलांचा कीबोर्ड चालेल. दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पट्टी म्हणजे पांढरी एक, तिथून उजवीकडे मोजत जा; काळ्याही त्याच जोडीपासून मोजा. सा धरा पांढरी तीन. आता पांढरी सात, वरची पांढरी एक, काळी एक, परत पांढरी एक. म्हणजे पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल धैवत. बस. दबकत चालणारा माणूस या चार सुरांत आहे. हेच घोळवत राहा आणि दुसऱ्या कुणाला खालून सा, रे आणि कोमल गंधारात गिटारचा तुकडा वाजवायला सांगा. घरातलं कुणीही स्वयंपाकघरातून ओरडून सांगेल, हे काय वाजतंय ते.

ही थीम 1962 च्या 'डॉक्टर नो'मध्ये आली. श्रेय मॉन्टी नॉर्मन यांचं, वाद्यमेळ जॉन बॅरी यांचा, गिटार व्हिक फ्लिक यांची. आता गंमत ऐका. नॉर्मन यांनी ही चाल आधी दुसऱ्याच कामासाठी केली होती. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'वर संगीतिका करायचं चाललं होतं, त्यातलं हे गाणं: अपशकुनी शिंक घेऊन जन्माला आलेल्या त्रिनिदादच्या भारतीय माणसाचं. संगीतिका रंगमंचावर आलीच नाही, चाल तेवढी बाँडला मिळाली. माझी आजी निघताना कुणी शिंकलं की पाच मिनिटं चपला काढून बसायची. तिला हे कळलं असतं तर बाँडला तिने घराबाहेर पडूच दिलं नसतं. चाल खरी कोणाची, नॉर्मनची की बॅरीची, यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. 2001 साली लंडनच्या कोर्टात नॉर्मन जिंकले, एका वृत्तपत्राकडून त्यांना 30,000 पौंड भरपाई मिळाली. माझं मत विचाराल तर चाल नॉर्मनची, पण तिला रुबाब दिला बॅरीने. आपल्याकडेही चाल एकाची आणि गाणं उभं करणारा अरेंजर दुसराच, हे काय नवीन आहे?

आता मुख्य रीत. एक प्रसंग निवडा, पाच मिनिटांहून मोठा नको. तो तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त ऐकायचा. तिसऱ्यांदा दोन्ही मिळून. दुसऱ्या खेपेला हातात वही ठेवा आणि संगीत कुठे सुरू होतं, कुठे थांबतं, एवढंच टिपा. वाद्यं ओळखता आली नाहीत तरी बिघडत नाही.

सरावाला 1977 च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'ची सुरुवात घ्या. बाँड बर्फावरून स्कीवर पळतोय, मागे मारेकरी, आणि मार्विन हॅम्लिश यांचं डिस्को वाजतंय. हो, डिस्को. त्या काळी सगळ्यांनाच तो ताप होता. मग कडा संपतो आणि माणूस थेट पोकळीत. त्याच क्षणी संगीत बंद. स्की पायांतून सुटतात, माणूस पडतोय, पडतोय, आणि जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मनात तीनताल धरा आणि किती आवर्तनं जातात ते मोजा, म्हणजे दिग्दर्शकाने किती हिंमत केली ते कळेल. मग हवाई छत्री उघडते, त्यावर ब्रिटनचा झेंडा, आणि तिथे, बरोब्बर तिथे, थीम. समेवर आल्यासारखी. थिएटरात लोक टाळ्या वाजवायचे ते झेंड्याला, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर त्या टाळ्या आधीच्या शांततेला होत्या. ही उडी रिक सिल्व्हेस्टर यांनी कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट ॲसगार्डवरून खरोखर मारली होती. आवाज बंद करून बघाल तेव्हा ती खरी असल्याचं जास्त जाणवतं.

एकदा ही शांतता कानाला लागली की 1963 च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'कडे वळा. रेल्वेच्या डब्यातली बाँड आणि मारेकरी ग्रँट यांची मारामारी. माझ्या शिष्यांना मी विचारते, इथे कुठलं वाद्य आहे? कुणी म्हणतं ड्रम, कुणी म्हणतं ट्रम्पेट. एकही वाद्य नाही! गाडीचा खडखडाट, धापा, काच, कापड फाटल्याचा आवाज. बॅरी यांना पूर्ण बाँडपटाचं संगीत पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि सगळ्यात मोठ्या मारामारीला त्यांनी हात लावला नाही. नवा साथीदार असता तर प्रत्येक ठोशाला झांज वाजवली असती. 'डॉक्टर नो'मध्ये तसंच झालं आहे बघा: बाँड बुटाने कोळी मारतो आणि प्रत्येक फटक्याला ऑर्केस्ट्राही दाणकन वाजतो. मला त्या जागी अजून हसू येतं.

फसलेला प्रसंगही एक तरी अभ्यासा. 'द मॅन विथ द गोल्डन गन', 1974. मोडक्या पुलावरून मोटार उडते, हवेत पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चाकांवर उतरते. हा स्टंट खरा, एका टेकमधला. आणि त्यावर आवाज काय? जत्रेतल्या पिपाणीसारखी एक शिट्टी, वर जाऊन खाली येणारी. बॅरी यांनीच पुढे त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. दिरांना मात्र ती शिट्टी आवडते. लहानपणी ते त्यावर खूप हसले होते म्हणे. असं कारण असेल तर पुढे वाद घालू नये.

'ऑक्टोपसी'चा प्रश्न आपल्यासाठी वेगळा. 1983, उदयपूर. विजय अमृतराज गारुड्याच्या वेषात घाटावर बसलेत आणि पुंगीवर बाँडचीच थीम वाजवतात. ती ऐकून बाँड आपला माणूस ओळखतो. सिनेमाचं पार्श्वसंगीत सिनेमातल्या माणसाला ऐकू आलंच कसं? पुष्कळ चाहत्यांना हा चावटपणा वाटतो. मला तो आवडतो, कारण ती चाल मुळात एका भारतीय पात्रासाठी रचलेली, ती नकळत घरी आली. पण त्याच सिनेमातला रिक्षाचा पाठलाग बघा: खिळ्यांची गादी, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, सगळे एकाच रस्त्यावर. वर बाँड नोटांची गड्डी देताना करीवरून विनोद करतो. तिथे माझं हसू थांबतं. एकाच सिनेमाबद्दल अशी दोन मतं असली तर असू द्यावीत, घाईने एकात बसवू नयेत.

आता गाण्याकडे या, म्हणजे दीर-भाच्याच्या खटल्याकडे. माझी कसोटी एकच: गाणं सिनेमात मुरलंय का? लोणचं फोडींत मुरतं तसं. शीर्षकगीताची चाल नंतर पार्श्वसंगीतात कुठे कुठे येते ते वहीत टिपा. 1964 च्या 'गोल्डफिंगर'मध्ये ती चाल सतत भेटते. शर्ली बॅसी गाऊन गेल्या तरी त्यांच्या गाण्याची सावली खलनायकाच्या मागे फिरत राहते. गाण्याची चाल आणि पार्श्वसंगीत दोन्ही बॅरी यांचंच, त्यामुळे ते जमलं. 2012 च्या 'स्कायफॉल'मध्ये ॲडेल यांनी गायलंय सुरेखच, ऑस्कर मिळालेलं ते पहिलं बाँडगीत. पण पार्श्वसंगीत थॉमस न्यूमन यांचं, आणि ॲडेलची चाल त्यात येते ती बाँड होडीतून मकावच्या कॅसिनोत जातो तिथे. शोधा, सापडेल. त्यानंतर ती गुडूप. हे मी भाच्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मग काय झालं? गाणं चांगलंच आहे ना." आहेच. गाणं म्हणून पैकीच्या पैकी, सिनेमाचं गाणं म्हणून थोडं कमी.

मुरण्याचा सगळ्यात चांगला नमुना मात्र 2006 चा 'कसिनो रोयाल'. डेव्हिड आर्नल्ड यांनी ख्रिस कॉर्नेल यांच्याबरोबर गाणं लिहिलं आणि सिनेमाभर त्याचीच चाल तुकड्या-तुकड्याने पेरली. मूळ थीम पूर्ण वाजू दिलीच नाही. कारण हा अजून बाँड झालेलाच नाही! शेवटी तो तळ्याकाठी एकाला पायात गोळी घालतो, स्वतःचं नाव सांगतो, आणि मग थीम सुटते. दोन तास रोखून धरलेली. आमच्याकडे बैठकीत बुजुर्ग गवई वरचा षड्ज असाच लांबवतात. सगळी बैठक वाट बघत असते आणि ते काही देत नाहीत.

हळव्या माणसांनी 1969 चा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' एकट्याने बघावा. लुई आर्मस्ट्राँग यांचं गाणं आधी प्रेमाच्या दृश्यांवर येतं, 'जगातला सगळा वेळ आपल्याकडे आहे' असं सांगत. शेवटी लग्नाच्याच दिवशी बायको गोळी लागून जाते तेव्हा तेच शब्द बाँडच्या तोंडी येतात. 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये ते गाणं परत येतं. आधीचा बघितला नसेल तर तिथे काही वाटणार नाही, म्हणून क्रम पाळा.

आणि मत मांडताना, घरी असो की बाहेर, "गाणं भारी" एवढ्यावर थांबू नका. प्रसंग कुठला, संगीत कुठे आलं, कुठे थांबलं, हे सांगा. समोरचा निदान पुन्हा बघायला तरी बसेल. दीर बसले. भाऊबीजेला 'कसिनो रोयाल' लावला होता, तळ्याकाठच्या प्रसंगाला त्यांनी वाटीतला चिवडा खाली ठेवला.

त्यांना त्या रात्री थीमच्या शेवटचा गिटारचा झंकार हवा होता. तो पेटीवर असा निघतो: पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात, वरची काळी दोन, त्याच्या वर काळी तीन. डाव्या हाताला भाता सांभाळायचा असतो, म्हणून वरचे दोन सूर शेजारच्याला दाबायला सांगा. कोमल गंधार आणि शुद्ध निषाद बघून कुणी पटदीप म्हणेल, म्हणू द्या. पाचही एकदम दाबा, आणि भाता हळूहळू रिकामा होऊ द्या.