ड्राइव्हच्या अक्षरामागचा नेटवर्क मार्ग शोधताना आलेला माझा अनुभव

आमचा सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतील प्रोग्राम वापरकर्त्याने निवडलेल्या फाइलचा मार्ग डेटाबेसमध्ये साठवत असे. परंतु जे सामायिक फोल्डर एकाच्या संगणकावर झेड या अक्षराने जोडलेले होते, तेच दुसऱ्याकडे वाय असल्यामुळे साठवलेला मार्ग इतरांच्या उपयोगी पडत नव्हता. अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावासह पूर्ण मार्ग साठवणे हाच खरा उपाय होता.

विंडोजमध्ये यासाठी, म्हणजे अक्षरावरून पूर्ण मार्ग मिळवण्यासाठी, एमपीआर डीएलएल या विंडोजच्याच फाइलमधील डब्ल्यूनेट-गेट-कनेक्शन हे फंक्शन आहे. मी त्याला झेड, कोलन आणि बॅकस्लॅश असा ड्राइव्हचा मूळ मार्ग देत होतो आणि प्रत्येक वेळी १२०० हा त्रुटी क्रमांक परत येत होता. या फंक्शनला केवळ अक्षर आणि कोलन हवे असते, हे लक्षात येण्यात माझी अख्खी दुपार गेली. बॅकस्लॅश काढताच मार्ग मिळाला. बफर, म्हणजे उत्तर ठेवण्यासाठी आपण दिलेली जागा, अपुरा असेल तर २३४ हा क्रमांक येतो आणि ज्या चलात आपण बफरची लांबी दिलेली असते त्यातच आवश्यक लांबी भरून मिळते; तेवढा बफर घेऊन पुन्हा विचारावे.

खरी अडचण पुढे आली. प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालवला की तेच ड्राइव्ह दिसेनासे होई, कारण विंडोज ड्राइव्हची जोडणी प्रत्येक लॉगऑन सत्रासाठी (वापरकर्त्याने प्रवेश केल्यावर सुरू होणाऱ्या सत्रासाठी) वेगळी ठेवते आणि वाढीव अधिकारांचे सत्र निराळे असते. म्हणून मार्ग शोधण्याचे काम मी साध्या अधिकाराने चालणाऱ्या भागाकडे सोपवले आणि प्रशासकीय भागाला तयार पूर्ण मार्गच पाठवू लागलो.