बरं वाटलं म्हणून गोळी सोडली? मनाच्या आजारात या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाला नैराश्य आलं त्याला आता १२ वर्षं झाली. त्यातून तो बाहेर आला, पण मी मात्र अशा आजारी माणसांच्या नातेवाइकांसोबत दर आठवड्याला बसते. नवीन कुणी बोलायला लागलं की दोन-चार वाक्यांतच कळतं, घोडं कुठे अडलंय ते. बहुतेक वेळा ते घाईपाशीच अडलेलं असतं. त्याच त्या चुकांपायी चांगली सुधारलेली माणसं पुन्हा अंथरुणाला खिळलेली पाहवत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. पहिली चूक माझ्याच हातून झालेली आहे.

बरं वाटलं की गोळ्या बंद

भावाला गोळ्या सुरू झाल्या तेव्हा पहिले दोन आठवडे फरक काहीच नाही, उलट मळमळ आणि पोटात ढवळणं. तरी आम्ही टिकलो, कारण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्रास लगेच जाणवतो, गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात आणि पुरता अंदाज यायला ६ ते ८. तिसऱ्या महिन्यात तो रोज दाढी करायला लागला, जेवताना बोलायला लागला. एका सकाळी म्हणाला, "ताई, आता बरा आहे मी. अजून किती दिवस घ्यायच्या?" मी म्हणाले, "मग सोड. उगाच सवय लागायची." डॉक्टरांना साधा फोनही केला नाही.

चौथ्या दिवशी तो न्हाणीघराच्या दाराची चौकट घट्ट धरून उभा होता. "मान वळवली की डोक्यात झटका बसतो, विजेसारखा," म्हणाला. सोबत चक्कर, चिडचिड, भलतीसलती स्वप्नं. मला वाटलं, सवय लागलीच होती! तो माझा गैरसमज होता. या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात. शरीर त्यांच्याशी जुळवून घेतं आणि एकदम थांबवल्या की त्याला परत जुळवून घ्यायला अवधी मिळत नाही, म्हणून हा त्रास होतो. व्यसनातली तलफ आणि मात्रा वाढवत जाणं इथे नसतं. त्याचा त्रास दोन आठवड्यांत ओसरला आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

मग आजार परत आला, इतक्या हळू पावलांनी की कुणाच्या लक्षातच आलं नाही. आधी दाढी वाढली. मग फोन उचलणं बंद झालं. एके दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी त्याच्या टूथब्रशवर बोट फिरवून पाहिलं. ब्रशचे केस कोरडे ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. तोवर अडीच महिने उलटले होते. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले आणि या खेपेला ते वर्षभराहून जास्त चालले.

यातून एक फरक मी कायमचा शिकले. गोळी अचानक सोडल्याचा त्रास सहसा काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात चक्कर, झटके असं शरीराला जाणवणारं बरंच असतं. आजार परततो तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी. झोप, भूक, उत्साह एकेक करून कुरतडत. दोन्हींत गल्लत केली की निर्णय चुकतात.

पहिल्यांदाच नैराश्य आलेल्या माणसालाही बरं वाटल्यानंतर निदान ६ महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर २ वर्षं किंवा त्याहून जास्त. आणि बंद करायचं तेही डॉक्टरांना सांगून, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत. त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने. माझी रीत साधी आहे. गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने तारखा घालते आणि ते दात घासायच्या जागी ठेवते. एखादी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. वहीत रोज दोनच नोंदी करते: झोप किती तास आणि मन कसं, ० ते १० मध्ये. डॉक्टरांपुढे "तसं बरंच आहे" असं मोघम बोलण्यापेक्षा ते पान दाखवलेलं कितीतरी कामाला येतं.

"आठवड्याभरात गुण नाही, डॉक्टर बदलू का?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ६ आठवडे तरी नीट घ्या. फार त्रास होत असेल तर त्याच डॉक्टरांना आजच कळवा. पण तीन डॉक्टरांच्या तीन अर्धवट चिठ्ठ्या घेऊन आलेल्या माणसाला कशाने गुण आला नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

विचारायचं तेच न विचारणं

ही दुसरी चूक, आणि हिच्यावर मी सगळ्यांशी वाद घालते. घरातला माणूस "माझं ओझं झालंय तुम्हाला" असं म्हणतो, आवडत्या वस्तू वाटून टाकतो, आणि घरचे विषय बदलतात. का, तर "विचारलं तर डोक्यात यायचं". तसं होत नाही. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, आधीच एकट्याने तो विचार वागवणाऱ्याला बोलायला जागा मिळते.

आमच्या गटातल्या एका आईने हे मुलीला विचारायला तीन आठवडे लावले. शेवटी भाजी निवडताना, मान खाली घालूनच तिने विचारलं, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का तुला?" मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं." त्याच संध्याकाळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या.

विचारताना आडवळण नको. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलं की समोरच्याला "नाही" म्हणणंच सोपं जातं. सरळ शब्द वापरा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर "हो" आलं तर भाषण देऊ नका, शपथा घालू नका. काही ठरवलंय का, ते विचारा. त्या माणसाला एकटं सोडू नका. औषधं, कीटकनाशकं, दोर, जे हाताशी असेल ते दूर करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हे गुपित राखायचं वचन मात्र कधीही देऊ नका.

उरलेल्या, थोडक्यात

दोन दिवस मन उदास होतं म्हणून "मला डिप्रेशन आलंय" म्हणणं. दुःख, विरह, अपयश यांनी मन खचतं आणि सावरतंही. नैराश्य म्हणायला निदान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न लागतं किंवा कशातच रस राहत नाही. सोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांचीही घडी विस्कटते.

फोनवरची नैराश्याची ९ प्रश्नांची चाचणी हेच निदान समजणं. तिचे गुण ० ते २७ असतात, १० किंवा त्याहून जास्त आले तर तपासून घ्या, एवढाच तिचा अर्थ.

रक्ततपासणी टाळणं. थायरॉइड मंद असेल, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरी माणूस असाच गळून जातो.

पूर्वी कधी झोपेविना दिवस काढले, बेफाम उत्साह, उधळपट्टी झाली असेल आणि ते डॉक्टरांपासून लपवणं. बायपोलर आजारात, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा बेफाम उत्साह (उन्माद) येतो त्यात, नुसती नैराश्याची गोळी माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते.

झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याकडून घेणं. खरी सवय लागते ती यातल्या बऱ्याच गोळ्यांची. खूप दिवस घेऊन एकदम सोडल्या तर फिटही येऊ शकते.

झोप येत नाही म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळणं. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. तीच पक्की करा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते.

जिथे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी भीतीची लाट, आला ती जागा कायमची टाळणं. पहिल्यांदा छातीत धडधडलं तर हृदयाची तपासणी जरूर करा. पण निदान झाल्यावर हे ध्यानात ठेवा की ती लाट साधारण १० मिनिटांत टोकाला जाते आणि ओसरते. जागा टाळत गेलात तर जग एका खोलीएवढं उरतं.

टापटिपीला "ओसीडी" (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तीच कृती करायला लावणारा आजार) म्हणणं. नको असलेला विचार हटता हटत नाही आणि म्हणून ३० वेळा हात धुवावे लागतात, तो छळ असतो, आवड नसते.

"सकारात्मक विचार कर." हे वाक्य मी भावाला किती वेळा ऐकवलं असेल! बरा झाल्यावर त्याने सांगितलं, ते ऐकलं की तो फक्त दार लोटून घ्यायचा. हल्ली मी कुणाला सल्ला द्यायच्या आधी विचारते, "आत्ता बोलायचंय, की नुसती बसू?" बहुतेक जण दुसरं मागतात. मग मी बसते.