लोड वाढला की मशीन रीस्टार्ट? या चुका टाळा

लिनक्सवर 'अपटाइम' ही कमांड टाइप केली, लोड ॲव्हरेज (सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा) ९.४० दिसला आणि लगेच रीस्टार्ट मारला, असं करू नका. मशीन आठ कोअरचं (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग) असेल तर ९.४० म्हणजे किरकोळ गर्दी. दोन कोअरचं असेल तर मात्र कामं खरंच तुंबली आहेत. म्हणून आधी 'एनप्रॉक' चालवून कोअर किती ते बघा. तो आकडा थ्रेडही (एकाच कोअरचे सिस्टिमला वेगळे दिसणारे भाग) मोजतो, त्यामुळे आठ दिसले तरी खरे कोअर चारच असू शकतात.

तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे असतात. ९.४०, ६.१०, २.३० असं दिसलं तर लोड चढतोय, उलट क्रमाने दिसलं तर उतरतोय. पहिल्या आकड्यावरून घाबरू नये. ही साधी सरासरी नाही, जुन्या नोंदींचा प्रभाव हळूहळू ओसरत जातो. रिकाम्या मशीनवर एकच काम मिनिटभर पूर्ण ताकदीने चाललं तरी पहिला आकडा ०.६३ च्या आसपासच पोचतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लोड म्हणजेच सीपीयूचा वापर असं समजणं. लिनक्सच्या जातकुळीतल्या बऱ्याच युनिक्स सिस्टिममध्ये फक्त सीपीयूवर चालणारी आणि त्यासाठी रांगेत असलेली कामं मोजतात. लिनक्स डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत अडकलेली कामंही त्यात धरतं. १९९३ पासून हे असंच आहे.

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा डिझाइन विभाग. वर्कस्टेशन यूपीएसवर, पण डिझाइनच्या फाइली ज्या सर्व्हरवर आहेत तिथला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर. लाइट गेली की स्विच बंद, आणि एनएफएसवरची (नेटवर्कवरून सर्व्हरच्या फाइली वापरायची सोय) फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम तिथेच अडकतो. लोड १५-२० वर, आणि 'टॉप'मध्ये (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) बघावं तर सीपीयू जवळजवळ रिकामा! अशा वेळी 'टॉप'मधला 'एस'चा रकाना बघा. तिथे 'डी' असलेल्या प्रोसेस म्हणजेच अडकलेली कामं. त्यांच्यावर 'किल -९' (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारी कमांड) काही वेळा लागू पडत नाही, आणि रीस्टार्टही सर्व्हरच्या फाइलींची जोडणी सोडवताना (अनमाउंट) लटकू शकतो. जबरदस्तीने बंद केलं तर सेव्ह न केलेलं डिझाइन गेलंच म्हणून समजा. त्यापेक्षा स्विच चालू करा, 'पिंग' कमांडला सर्व्हर उत्तर देतोय का बघा. तो परत आला की कामं बहुधा आपोआप सुटतात आणि लोड उतरतो. मग त्याच आठवड्यात स्विचही यूपीएसवर घ्या. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक कारण असतं. सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला आणि पंख्यात सुताचे बारीक तंतू अडकले की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. काम तेवढंच, पण रांग लांबते. 'सेन्सर्स' कमांडने तापमान बघा. ते ९० अंशांच्या पुढे दिसलं तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी मशीन बंद करून पंखा आणि हीटसिंक साफ करून घ्या.