फीमरच्या बेंडिंग टेस्टचे आकडे गंडतात? या चुका टाळा

मांडीच्या हाडाची म्हणजे फीमरची थ्री पॉइंट बेंडिंग टेस्ट (दोन बाजूंना आधार, मधोमध दाब) केली आणि मॉड्युलस म्हणजे मटेरियलचा ताठपणा 6-7 गिगापास्कल आला की सगळे आधी लोड सेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) संशय घेतात, कॅलिब्रेशनवाल्याला फोन जातो. लोड सेल बहुतेक वेळा बरोबरच असतो हो. कॉर्टिकल हाडाचा म्हणजे बाहेरच्या घट्ट थराचा (कॉर्टेक्सचा) मॉड्युलस लांबीच्या दिशेने साधारण 17 ते 20 यायला हवा, मग बाकीचा गेला कुठे?

सगळ्यात मोठा घोळ क्रॉसहेडच्या म्हणजे मशीनच्या सरकत्या दांडीच्या रीडिंगचा. यूटीएम (टेस्टिंग मशीन) जे डिस्प्लेसमेंट दाखवतं त्यात फ्रेमचं ताणणं, फिक्स्चरची ढिलाई, रोलर हाडात किंचित रुतणं हे सगळं असतं आणि आपण ते सगळं हाडाच्या नावावर टाकतो. हाडाच्या खाली मधोमध एलव्हीडीटी (सरकणं मोजणारा सेन्सर) लावा, नाहीतर साधा डायल गेज लावा पण लावाच.

त्यात स्पॅनची भानगड. स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर जाडीच्या 16 पट तरी हवा, नाहीतर शिअरमुळे (आतले थर एकमेकांवर सरकू पाहतात त्यामुळे) हाड जास्त वाकल्यासारखं दिसतं. आता 27 मिमी जाडीच्या हाडाला 432 मिमी स्पॅन लागणार आणि अख्खा फीमरच साधारण 450 मिमीचा, त्यात दोन्ही टोकं फुगीर, म्हणजे जमणारच नाही. म्हणून मटेरियलचा मॉड्युलस हवा असेल तर कॉर्टेक्समधून बारीक पट्टी कापून टेस्ट करा, अख्ख्या हाडावरून फक्त स्टिफनेस (त्या पूर्ण हाडाचा ताठपणा) सांगा.

व्हर्नियरकडे तर कुणी बघतच नाही! फीमरच्या मागच्या बाजूला लिनिया अस्पेराचा उभा कंगोरा असतो, व्हर्नियरचा जबडा त्यावर बसला की मिमीभर सहज वाढतो. एवढ्याशाने काय होतं असं वाटेल, पण इनर्शियात (क्रॉस सेक्शन वाकण्याला किती विरोध करतो त्या आकड्यात) व्यास चौथ्या घातात जातो. बाहेरून 27 आणि आतली पोकळी 14 मिमी धरली तर 27 च्या जागी 28 लिहिल्यावर इनर्शिया 17 टक्के वाढतो आणि मॉड्युलस 14 टक्के खाली येतो. शक्य असेल तर सीटीवरून क्रॉस सेक्शन घ्या, पण टोकांकडे कॉर्टेक्स पातळ होतो तिथे सीटीत तो पसरून जाड दिसतो, तिथे जपून.

हाड वाळू देऊ नका. आमच्याकडे मे महिन्यात डोक्यावर पंखा फुल्ल चालू, एकजण निवांत स्ट्रेन गेज (हाड किती ताणलं ते मोजणारी बारीक पट्टी) चिकटवत बसलेला आणि हाड उघडं, हात लावला तर पृष्ठभाग खडूसारखा कोरडा. वाळलेलं हाड जास्त ताठ लागतं आणि कमी वाकून काडकन मोडतं, म्हणजे इथे चूक उलट्या दिशेने, आणि वरच्या चुकांशी वजाबाकी होऊन आकडा चक्क बरोबर दिसू शकतो. गेजची जागा तेवढी उघडी ठेवा, बाकीच्या हाडाला सलाईनचा गॉज गुंडाळा.

गेज चिकटवताना पेरिऑस्टियम म्हणजे हाडावरचं पातळ आवरण खरवडून काढा, अ‍ॅसिटोनने चरबी पुसा आणि हाडाच्या अक्षाची रेघ पेन्सिलने आधी मारून घ्या, 10 अंश तिरका बसला तरी रीडिंग साधारण 4 टक्के कमी येतं. 120 ओहमपेक्षा 350 ओहमचा गेज बरा, व्होल्टेज कमी ठेवा. हाड धातूसारखी उष्णता ओढून घेत नाही, गेज तापत राहतो आणि लोड नसतानाही रीडिंग सरकत जातं.