गळ कधी टाकावा? ऋतू, चंद्र आणि हवा बघून गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा बेत असा आखा

मासेमारीला जायचं ठरलं की बरेच जण आधी चंद्र बघतात, मग सुट्टी जुळवतात आणि हवामान बघतात ते आदल्या रात्री. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. एकदा पौर्णिमा धरून दीड महिना आधी तारीख पक्की केली आणि चंद्रावरून काढलेल्या तक्त्यातली वेळ अचूक साधून तळ्यावर पोचलो. रात्रभर थंड वारा सुटला होता, आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं आणि काठचं पाणी हाताला गार लागत होतं. दुपारपर्यंत फ्लोट, म्हणजे दोरीवरचं तरंगतं बोंड, हललासुद्धा नाही. तीन आठवड्यांनी, शुद्ध षष्ठीच्या एका ढगाळ, उबदार संध्याकाळी त्याच जागी तासाभरात पाच मासे लागले.

तेव्हापासून बेत आखायची पद्धत बदलली. चंद्र मी सोडलेला नाही, त्याला त्याच्या जागी बसवलं आहे. ऋतू वर्षभर आधी माहीत असतो, चंद्र काही महिने आधी, हवामान तीन-चार दिवस आधी आणि पाणी मात्र काठावर पोचल्यावरच कळतं. निर्णय याच क्रमाने घ्यायचे. वजन द्यायचा क्रम वेगळा: सगळ्यात जास्त ऋतूला, मग हवामानाला, मग दिवसाच्या वेळेला आणि चंद्राला शेवटी.

पायरी १: पाण्याच्या तापमानावरून महिना ठरवा

मासा थंड रक्ताचा. त्याचं अंग पाण्याइतकंच गार किंवा कोमट असतं. पाणी १० अंशांनी गार झालं की त्याच्या शरीराचा सगळा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. भूकही तशीच मंदावते. म्हणून 'कुठला मासा हवा' हा प्रश्न पहिला. ट्राउट थंड पाण्यातला. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास होऊ लागतो. कॉमन कार्प साधारण १८ ते २० अंशांपासून खुलतो. रोहू, कटला यांना कोमट पाणी मानवतं. २५ ते ३० अंशांत ते जोमात असतात.

उलट बाजूने प्राणवायूची अडचण असते. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ऐन उन्हाळ्यात दुपारी मासे सुस्त पडतात त्याचं एक कारण हे.

खोल तलावात उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते आणि ती माहीत नसल्याने पुष्कळ सहली वाया जातात. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचं थांबतात. मधे एक पातळ थर तयार होतो, तिथे हातभर खोलीत तापमान झपकन उतरतं. त्या थराखाली कुजणारा पालापाचोळा प्राणवायू संपवत राहतो आणि वरून नवा येत नाही. 'उन्हाळ्यात मासे खोल जातात' हे ऐकून आपण आमिष थेट तळाशी सोडतो, तेव्हा ते बहुधा अशा जागी पडतं जिथे मासा टिकूच शकत नाही. मासे असतात त्या थराच्या जरा वर.

हा थर शोधायला महागडं यंत्र लागत नाही. एक साधा थर्मामीटर घ्या, त्याला वजन बांधा आणि दोरीला दर मीटरला एक गाठ मारा. पाण्यात सोडा, प्रत्येक गाठीला दोन-तीन मिनिटं थांबा, चटकन वर ओढा आणि आकडा लिहा. २७, २७, २६, २६ असं चाललेलं असतं आणि एका गाठीला एकदम २१ येतं. दोरीवर तिथे रंगीत धागा बांधून ठेवा. आमिष त्याच्या वरच राहील इतकीच दोरी सोडायची.

बाकीचे ऋतू थोडक्यात. थंडी सरताना उथळ, गाळाचा आणि जास्त ऊन खाणारा काठ आधी तापतो, मासे तिकडे सरकतात. थंडी सुरू होण्याआधीचे आठवडे मला वर्षातले सगळ्यात आवडते, कारण मासे पुढच्या उपासाची तयारी करत असतात. फक्त वरचं पाणी गार होऊन तलाव ढवळला जातो ते काही दिवस टाळा. तेव्हा मासे सगळीकडे विखुरतात. ऐन थंडीत खोल, संथ जागा आणि लहान आमिष. पावसाळ्यात नव्या पाण्याबरोबर अनेक जातींचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. तो काळ त्यांना द्या. बऱ्याच ठिकाणी विणीच्या काळात मासेमारीला बंदीच असते, तेव्हा महिना ठरवतानाच परवाना आणि बंदीच्या तारखा बघून घ्या.

पायरी २: त्या महिन्यातल्या तिथ्या मांडा

आता चंद्र. समुद्राला अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, म्हणून तळ्यातही काहीतरी होत असणार असं वाटतं. तळ्याला भरती येत नाही म्हटलं तरी चालेल. उत्तर अमेरिकेतल्या अवाढव्य ग्रेट लेक्समध्येसुद्धा चंद्र-सूर्यामुळे पाणी ५ सेंटिमीटरपेक्षा कमीच हलतं. गोड्या पाण्यात चंद्राचा खरा हात असेल तर तो मुख्यतः उजेडाचा.

तरी मासेमारांच्या हातातले तक्ते वेगळं सांगतात. जॉन आल्डन नाइट या अमेरिकी मासेमाराने १९२६ मध्ये 'सोल्युनर' ही कल्पना मांडली: चंद्राच्या ठरावीक वेळांना मासे जास्त खातात. चंद्र डोक्यावर असताना आणि बरोबर पायाखाली, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडे असताना, सुमारे दोन-दोन तासांच्या 'मोठ्या वेळा'. चंद्र उगवताना आणि मावळताना सुमारे तासाभराच्या 'लहान वेळा'. आजची बहुतेक अ‍ॅप हेच गणित वापरतात.

हे कितपत खरं? २०१४ मध्ये मस्की या उत्तर अमेरिकी माशाच्या तीन लाखांहून जास्त नोंदी तपासल्या गेल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मासे जास्त लागल्याचं दिसलं, पण फरक फार तर ५ टक्क्यांचा होता. म्हणजे एरवी वीस मासे मिळत असतील तर एकविसावा चंद्राचा. एवढ्यासाठी चांगलं हवामान सोडू नये. दोन तारखा सारख्याच सोयीच्या असतील, तेव्हा चंद्राला कौल लावावा.

अ‍ॅप नसलं तरी या वेळा तोंडी काढता येतात, कारण आपल्या तिथ्या चंद्रावरच बेतलेल्या आहेत. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर भर दुपारी डोक्यावर येतो. पुढे प्रत्येक तिथीला ४८ मिनिटं धरा. शुद्ध अष्टमी: आठ गुणिले ४८ म्हणजे ३८४ मिनिटं, सहा तास चोवीस मिनिटं. दुपारी बारात ती मिळवली की संध्याकाळचे साधारण साडेसहा. पौर्णिमेला पंधरा गुणिले ४८ म्हणजे बारा तास, मध्यरात्र. वद्य पक्षात तिथीत १५ मिळवून गुणा. वद्य अष्टमी २३ धरली की सकाळचे साधारण साडेसहा येतात. पायाखालची वेळ त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. उगवती आणि मावळती डोक्यावरच्या वेळेच्या अंदाजे सहा तास मागे-पुढे. तासाभराची चूक होऊ शकते, बेत आखायला एवढं पुरतं.

हे गणित एकदा केलं की एक गंमत ध्यानात येते. अष्टमीच्या आसपास मोठ्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी पडतात, जेव्हा मासे तसेही खायला बाहेर पडतात. अमावास्या-पौर्णिमेला त्याच पहाट-संध्याकाळी लहान वेळा येतात. म्हणून मी महिन्यातून चार तुकडे निवडतो: अमावास्येचे तीन दिवस, पौर्णिमेचे तीन आणि दोन्ही अष्टम्यांचे दोन-दोन.

त्यातही जायचंय दिवसा की रात्री, ते बघा. चांदण्या रात्री डोळ्यांनी शिकार करणारे मासे रात्रीच पोट भरतात आणि दुसऱ्या सकाळी उशिरापर्यंत सुस्त असतात, असा अनेक मासेमारांचा अनुभव आहे, माझाही. पौर्णिमेला जायचं तर रात्री जा किंवा दुपार ढळल्यावर. मिशांनी आणि वासाने अन्न शोधणाऱ्या कॅटफिशसाठी मी अंधाऱ्या रात्री राखून ठेवतो.

पायरी ३: तीन दिवस आधी हवामान बघा, आणि कल बघा

एका दिवसाचा अंदाज बघून काही कळत नाही. मागचे दोन दिवस आणि पुढचे तीन असे पाच दिवस ओळीने लिहा: रात्रीचं किमान तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग, पाऊस. तीन दिवस सारखी हवा असेल तर मासे ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी मिळतात. हवा बिघडायच्या आधीचे काही तास, ढग दाटून येत असताना, सहसा फार चांगले जातात. थंड वारा येऊन गेल्यानंतरचा लख्ख निळ्या आभाळाचा दिवस दिसायला सुरेख, पण मासेमारीला वाईट. तेव्हा एक-दोन दिवस थांबा.

हवेचा दाब बघून तारीख ठरवणारे पुष्कळ आहेत. इथे थोडं गणित करू. हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाण्याचा दाब. हवा बदलताना दाब १५ हेक्टोपास्कलने उतरला, तर माशाला तो फरक वीतभर वर सरकल्याइतकाच. तेवढा तो दिवसातून कितीदा तरी वर-खाली होतो. दाबाबरोबर येणारे ढग, वारा आणि गारवा यांचा परिणाम मला जास्त पटतो. दाबाचा आकडा मी हवा बदलतेय याची खूण म्हणून बघतो, तेवढंच.

वाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. उबदार वारा वरचं कोमट पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाकडे ढकलतो. त्यामागे लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. लाटांनी पाणी फुटलं की आत उजेडही कमी शिरतो. म्हणून वारा ज्या काठावर आदळतो तिथे, वारा तोंडावर घेऊन बसा. गळ फेकायला त्रास होतो, पण मासे तिथेच असतात. थंडीतला बोचरा वारा असेल तर उलटं करा, आडोशाचा काठ धरा.

नदीवर जाणार असाल तर तुमच्या गावचा पाऊस बघून भागत नाही. वरच्या अंगाला, जिथून पाणी येतं तिथला पाऊस बघा. वर धरण असेल तर पाणी सोडण्याची सूचना आहे का, तेही.

पायरी ४: तास ठरवा

बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि बाहुलीही आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. कडक उन्हात ते सावली किंवा खोली गाठतात. उन्हाळ्यात पहाट आणि सूर्यास्त, थंडीत दुपारी बारा ते चार, ढगाळ दिवशी केव्हाही. वनस्पतींनी गच्च भरलेल्या तळ्यात एक अपवाद लक्षात ठेवा: रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात, त्यामुळे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशा तळ्यावर उन्हाळ्यात मी सूर्य हातभर वर आल्यावरच गळ टाकतो.

चंद्राची वेळ यात कुठे बसते का ते आता बघा. बसली तर त्या दोन तासांत जेवायला उठू नका.

पायरी ५: काठावर पहिली वीस मिनिटं गळ टाकू नका

तापमान घ्या. पाण्याचा रंग बघा. लहान मासे कुठे उसळतात, पक्षी कुठे घिरट्या घालतात, वारा कुठे आदळतो, ते बघा. नदीकाठी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे नजर टाका. काडी पाण्यात जाऊ लागली, पाणी गढूळ झालं किंवा पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सामान गोळा करायचीही वाट न बघता उंचावर या.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी वेळ गेला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. रॉड खाली ठेवा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. ग्रॅफाइटचा रॉड वीजवाहक असतो.

पाणी खूप तापलेलं असेल आणि मासा परत सोडायचा असेल, तर त्या दिवशी बेत रद्द करा. दमलेला मासा गरम पाण्यात सोडला तरी अनेकदा वाचत नाही.

पायरी ६: वही ठेवा

दर सहलीला एक ओळ: तारीख, तिथी, पाण्याचं तापमान, वारा, आभाळ, किती वाजता किती मासे, किती खोलीवर. काहीच लागलं नाही तो दिवस तर नक्की लिहा, कारण तो गाळला की वही फसवते. अशा चाळीस-पन्नास ओळी झाल्या की तिथीप्रमाणे लावून बघा, मग तापमानाप्रमाणे, मग वाऱ्याप्रमाणे. माझ्या नेहमीच्या तळ्यावर तिथीने ओळी लावल्या तेव्हा काही दिसलं नाही. वाऱ्याने लावल्या तेव्हा चांगल्या दिवसांपैकी बहुतेक पश्चिमेच्या वाऱ्याखाली आले. आता त्या तळ्यासाठी मी बुधवारी वाऱ्याचा अंदाज बघतो आणि मगच शनिवार ठरवतो.