कासा किल्ल्यावर जायचंय? आधी तिथी बघा

मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो. आम्ही त्याला कासा म्हणतो. राजपुरीहून जंजिऱ्याला होड्यांची ये-जा चालू असते, तशी इथे नाही. किल्ल्यावर वस्ती नाही, टपरी नाही, गाईड नाही. म्हणूनच मला तो फार आवडतो. माझे दीर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख आहेत. त्यांच्या होडीतून पाहुणे निघाले की तयारीचं मी बघते. तेच इथे सांगते.

दिवस ठरवताना रविवार नका बघू, तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. ओहोटीला किल्ल्याभोवतीचे कातळ उघडे पडतात, होडी जवळ लागत नाही, आणि खाडीतून होडी बाहेर काढायलाही पाणी लागतंच. त्यामुळे एकादशी ते त्रयोदशी हे दिवस चांगले. पक्ष कोणताही चालेल. भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येते. सातच्या सुमारास पाणी चढत असताना निघायचं आणि ते फार उतरण्याआधी परतायचं. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा असतो, दर्या नरम असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की लाट उठते आणि परतताना सगळे भिजतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त, तेव्हा नवख्यांनी जाऊच नये.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून दर्या दुसऱ्या दिवशी शांत होत नाही.

आदल्या दिवशी बंदरावर जाऊन तांडेलाशी बोला. परवानगीचं तिथेच विचारून घ्या, भाडं माणशी न ठरवता अख्ख्या होडीचं ठरवा, आणि लाइफ जॅकेट माणसागणिक आहेत का ते डोळ्यांनी बघा.

पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या. किल्ल्यावर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी प्यायचं नाही. खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. उन्हात खराब होत नाही, हाताने खाता येते. हा किल्ला बांधला जात असताना रसद वेळेवर पोचली नाही, म्हणून शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना कडक शब्दांत पत्र लिहिलं होतं. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या तोंडावर बसून काम करणाऱ्या माणसांना धान्य आणि पैसा किनाऱ्यावरूनच जायचा. आजही तिथे जे काही लागेल ते किनाऱ्यावरूनच न्यावं लागतं.

चप्पल नको, रबरी तळाचे बूट घाला. कातळाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार पाय कापते. बायकांनी एक जुनी चादर जवळ ठेवावी, आडोसा धरायला. किल्ल्यावर संडास नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. टोपी हवीच, सावली फार थोडी.

उतरल्यावर आधी तटाकडे जा. लाटांनी दगड झिजून खोल गेलेत, पण त्यांच्या दरजांमधला चुना तसाच उभा आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. हात लावून बघा, पण ओरबाडू नका, तुकडा खिशात टाकू नका. आमच्याकडे लहान मुलांनाही हे सांगावं लागत नाही, बाहेरून आलेल्यांना मात्र दरवेळी सांगते. मग पडकोटाचा, म्हणजे मुख्य किल्ल्याबाहेरच्या तटाचा, बुरूज बघा. त्याच्या माथ्यावरचे दगड कमळाच्या पाकळ्यांसारखे घडवलेत. तिथून दक्षिणेला जंजिरा दिसतो, आणि हा किल्ला इथेच का बांधला ते आपोआप कळतं.

तोफांवर चढू नका. तटाच्या कडेला फोटोसाठी पाठमोरं चालू नका, दगड सुटे आहेत. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, लिंबाच्या साली, सगळं पिशवीत भरून परत आणायचं. तिथे झाडायला कुणी येत नाही आणि वाऱ्याने उडालेलं प्लास्टिक आमच्याच जाळ्यात येतं.

आणि तांडेलाने हाक मारली की लगेच निघा. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणू नका. तुम्ही फोटो काढत असता तेव्हा तो पाणी बघत असतो.